लहान शिकारीसाठी लहान बोअरची बंदूक : निवड कशी होते, आणि तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर ती का थांबते

सप्टेंबर उजाडला की युरोप आणि मध्य आशियातून आफ्रिकेकडे निघालेले लावे, होले आणि इतर स्थलांतरित पक्षी तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर विसाव्याला उतरू लागतात. जेद्दाहच्या उत्तरेस सुमारे १०० किलोमीटरवर वसलेल्या किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही पाखरे खाडीच्या काठी सहज दिसतात. हाच काळ सौदी समाजात शिकारीच्या गप्पांचा. सहकारी आपल्या वडिलांच्या ससाण्याच्या आणि सलुकी कुत्र्यांच्या आठवणी सांगतात, कोणी सुटीच्या दिवशी वाळवंटात येण्याचे आमंत्रण देतो. त्यातच एखादा मराठी अभियंता टेक्सासमध्ये काही वर्षे काढून इकडे आलेला असतो, दुसरा तिकडे बदलीवर निघालेला असतो, आणि खारी-सशांसारख्या लहान शिकारीसाठी कोणती बंदूक योग्य, असा प्रश्न निघतो.

प्रश्न साधा वाटतो. उत्तर मात्र दुकानातल्या मांडणीवरून मिळत नाही. लहान बोअरची बंदूक निवडताना चार प्रश्न क्रमाने सोडवावे लागतात : आपण आहोत त्या भूमीवर हे शस्त्र आणि ही शिकार कायदेशीर आहे काय? सुटलेली गोळी चुकली तर कुठे जाऊन थांबेल? समोरचा प्राणी एका वारात, यातना न होता मरेल काय? आणि सर्वांत शेवटी, नळीचा व्यास किती असावा? बहुतेकजण या यादीची सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करतात, आणि अपघात किंवा खटला बहुधा तिथूनच जन्म घेतो. नळीचे शास्त्र समजले म्हणजे आधीचे तीन प्रश्न का महत्त्वाचे आहेत, हेही आपोआप उलगडते. म्हणून आधी शास्त्र पाहू आणि मग कायद्याकडे वळू.

आकड्यांचा घोळ

बंदुकांच्या जगात मोजमापाच्या दोन पद्धती शेजारी शेजारी नांदतात. रायफलीच्या नळीचा व्यास इंचाच्या अंशात सांगतात. ‘पॉइंट टू-टू’ म्हणजे इंचाचा ०.२२ भाग, सुमारे ५.६ मिलिमीटर. ‘पॉइंट वन सेव्हन सेव्हन’ म्हणजे ०.१७७ इंच, अर्थात ४.५ मिलिमीटर. आकडा लहान तितकी नळी बारीक.

छर्ऱ्याच्या बंदुकीचे गणित उलटे आहे. ‘बारा बोअर’ याचा अर्थ असा की, त्या नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या १२ गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. २० बोअरच्या नळीला तशा २० गोळ्या लागतात. म्हणजे प्रत्येक गोळी लहान आणि नळीही अरुंद. म्हणून १२ बोअरची नळी सुमारे १८.५ मिलिमीटरची, तर २० बोअरची सुमारे १५.६ मिलिमीटरची असते. या कुळातील सर्वांत धाकटी ‘फोर-टेन’ मात्र पुन्हा इंचात मोजतात. तिची नळी ०.४१० इंचाची असते.

तरीही व्यासावरून शस्त्राची ताकद कळत नाही. ताकद ठरते ती गोळीच्या वजनावरून आणि वेगावरून, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते. सारख्याच ०.२२ इंच व्यासाची हवेची बंदूक आणि काडतुसाची रायफल यांच्यात म्हणूनच जमीन-अस्मानाचे अंतर असते.

हवेची बंदूक : जत्रेपासून ऑलिम्पिकपर्यंत

जत्रेत फुगे फोडण्याची बंदूक हाताळली नाही असा मराठी माणूस विरळा. ती ४.५ मिलिमीटरची हवेची बंदूक. अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांनी दहा मीटरच्या स्पर्धेत जी रायफल जगभर गाजवली, तिचाही व्यास तोच. बारूद नाही, काडतूस नाही. दाबलेली हवा किंवा ताणलेली स्प्रिंग अर्ध्या ग्रॅमची शिशाची गोळी पुढे ढकलते.

लहान शिकारीसाठी जगात दोन व्यास रूढ आहेत. ०.१७७ ची गोळी हलकी, वेगवान आणि सरळ मार्गाची. तिने नेम साधणे सोपे जाते, पण ती प्राण्याच्या शरीरातून फारशी ऊर्जा न सोडता निघून जाऊ शकते. ०.२२ ची गोळी साधारण एक ग्रॅमची, दुप्पट जड आणि संथ. तिचा मार्ग अधिक वाकतो, म्हणून अंतराचा अंदाज अचूक लागतो. परंतु ती शरीरात अधिक काम करते. ब्रिटनमध्ये विनापरवाना मिळणाऱ्या हवेच्या रायफलीची मर्यादा १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६ ज्यूल आहे. एवढ्या शक्तीने खार किंवा ससा स्वच्छपणे मारायचा तर साधारण २५ ते ३० मीटरच्या आत जाऊन डोक्यावरच नेम धरावा लागतो. छातीवर मारलेली गोळी बहुधा प्राण्याला जखमी करून ढोलीत किंवा बिळात पाठवते, आणि तिथे तो तासन् तास तडफडतो.

हवेची बंदूक निवडण्याची कारणे स्पष्ट आहेत : आवाज कमी, गोळी फार दूर जात नाही, सराव स्वस्त. पण ‘हवेची’ या विशेषणाने फसू नये. १६ किंवा २० ज्यूलची गोळी डोळा फोडते, मुलाच्या बरगड्यांमधून आत शिरते. ती खेळणे नव्हे.

पॉइंट टू-टू : सव्वाशे वर्षांचे राज्य

जगात सर्वाधिक चालणारे लहान काडतूस म्हणजे ‘०.२२ लाँग रायफल’. ते १८८७ साली अमेरिकेतील जे. स्टीव्हन्स कंपनीने आणले आणि आजही त्याचे राज्य टिकून आहे. मराठी वाचकांशी त्याचे नाते अलीकडेच अधिक घट्ट झाले. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, ते याच काडतुसाने. त्यांच्या आधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोन प्रकारात सुवर्णपदक पटकावले होते, तेही याच व्यासाच्या रायफलीने.

या काडतुसाची रचना ‘रिमफायर’ प्रकारची. पितळी पुंगळीच्या मध्यभागी टोपी नसते. स्फोटक मिश्रण कडेच्या घडीत भरलेले असते आणि चाप ओढल्यावर खटका त्या कडेवर आपटतो. त्यामुळे ते स्वस्त पडते, पण रिकामी पुंगळी घरी पुन्हा भरता येत नाही. सुमारे २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३२५ ते ३८० मीटर वेगाने निघते. वेग ३३० मीटर धरला तरी ऊर्जा सुमारे १४० ज्यूल होते, म्हणजे भारतात परवान्याविना चालणाऱ्या हवेच्या बंदुकीच्या सातपट.

येथे एक बारीक पण उपयोगी भेद आहे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. गोळी त्याहून वेगवान असेल तर नळीच्या आवाजाव्यतिरिक्त चाबकाच्या फटक्यासारखा दुसरा कडकडाट होतो, आणि वेग ध्वनीच्या खाली उतरताना गोळी किंचित डळमळते. म्हणून अचूकतेचे भोक्ते ध्वनीपेक्षा मंद काडतुसे पसंत करतात. स्पर्धेची काडतुसेही त्याच वेगाच्या आसपास बेतलेली असतात. ५० यार्डांवर नेम जुळवलेल्या रायफलीची गोळी १०० यार्डांवर सुमारे १५ सेंटीमीटर खाली येते. आडव्या वाऱ्यात ती आणखी सरकते. त्यामुळे खारीएवढ्या प्राण्यासाठी या काडतुसाची विश्वासार्ह मर्यादा ५० ते ७० मीटर मानणे शहाणपणाचे.

खारीचा मर्मभाग एका नाण्याएवढा असतो. निवडीची खरी कसोटी म्हणूनच कॅटलॉगात नसून कागदी लक्ष्यावर असते. ज्या अंतरावर आपल्या दहापैकी दहा गोळ्या नाण्याएवढ्या वर्तुळात पडतात, तेच आपले शिकारीचे अंतर. रायफल महाग असो वा स्वस्त, हा नियम बदलत नाही. एकाच व्यासाची वेगवेगळी काडतुसे एकाच नळीतून वेगवेगळी वागतात, म्हणून दोन-चार प्रकार आणून कोणता नळीला मानवतो ते पाहावे लागते.

वेगवान धाकटी भावंडे

१९५९ साली विंचेस्टरने ‘०.२२ मॅग्नम’ आणले. तीच २.६ ग्रॅमची गोळी, पण वेग सेकंदाला ५८० मीटरच्या घरात आणि ऊर्जा सव्वाचारशे ज्यूलच्या पुढे. २००२ साली हॉर्नेडीने ‘०.१७ एचएमआर’ बाजारात आणले. त्याची गोळी जेमतेम १.१ ग्रॅमची, पण ती सेकंदाला सुमारे ७७५ मीटर वेगाने जाते. व्यास कमी, ऊर्जा मात्र साध्या पॉइंट टू-टूच्या दुपटीहून अधिक.

ही काडतुसे १०० मीटरवरच्या लहान उपद्रवी प्राण्यांसाठी उत्तम ठरतात. पण खाण्यासाठी मारलेल्या खारीला किंवा सशाला ती अति होतात. गोळी अंगावर बसली तर मांसच उरत नाही. शिकार ताटासाठी असेल तर साधे पॉइंट टू-टू किंवा हवेची बंदूकच योग्य, हा अमेरिकेतील जुन्या शिकाऱ्यांचा निष्कर्ष याच अनुभवातून आला आहे.

आवाजाकडेही दुर्लक्ष नको. आखूड नळीच्या पॉइंट टू-टूचा आवाज १४० डेसिबलच्या जवळ पोहोचू शकतो, आणि एका धमाक्याने कान कायमचे दुखावण्याचा धोका साधारण त्याच पातळीपासून मानला जातो. ‘लहान बंदूक, कान झाकायची गरज नाही’ ही समजूत पुढे आयुष्यभराची शीळ कानात ठेवून जाते.

छर्ऱ्याची बंदूक : आपल्याकडची जुनी ओळख

कोकणात आणि घाटमाथ्यावर ‘बंदूक’ या शब्दाने डोळ्यांपुढे येते ती ठासणीची किंवा बारा बोअरची दुनळी. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती अनेक घरांत पिढ्यान् पिढ्या राहिली. तिच्या एका काडतुसात सुमारे २८ ते ३२ ग्रॅम शिशाचे छर्रे असतात. अमेरिकन मापाच्या सहा नंबरच्या एका औंसात ते साधारण सव्वादोनशे भरतात. बार निघाला की ते पसरत जातात, म्हणून पळता ससा किंवा उडता तितर टिपायला हीच बंदूक सोयीची. ३० ते ३५ मीटरपलीकडे छर्ऱ्यांची जाळी विरळ होते आणि ती मारण्याऐवजी जखमी करू लागते. ‘फोर-टेन’ नवशिक्याची म्हणून विकली जाते, कारण तिचा धक्का सौम्य असतो. खरे पाहता तिच्यात छर्रे थोडे असल्याने ती निष्णात हाताची बंदूक आहे.

छर्ऱ्याचा आणखी एक प्रश्न शिशाचा. ताटात आलेल्या मांसात शिशाचे कण राहतात. जमिनीवर पडलेले छर्रे खडे समजून पक्षी गिळतात. याच कारणास्तव अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत देशभर शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी घातली, आणि कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून सर्व वन्यजीवांच्या शिकारीत शिशाची काडतुसे बंद केली. पोलादी छर्रे शिशाहून हलके असल्याने ते लवकर वेग गमावतात, म्हणून अंतर आणखी कमी धरावे लागते.

खार झाडावर असते : गोळी कुठे थांबते?

लहान शिकारीतील सर्वांत मोठा धोका येथे आहे. ससा जमिनीवर असतो. त्याच्यामागे बहुधा माती असते. खार फांदीवर असते. तिच्यामागे आकाश असते. पॉइंट टू-टूच्या डब्यांवर गोळी दीड मैलापर्यंत धोकादायक ठरते असा इशारा छापलेला असतो. वर रोखून झाडलेली आणि चुकलेली गोळी दुसऱ्याच कोणाच्या अंगणात उतरते. म्हणून अमेरिकेच्या पूर्व भागातील जंगलांत खारीसाठी रायफल बरी की छर्ऱ्याची बंदूक, हा वाद कधी संपलेला नाही. रायफलवाले अचूकतेचा आणि मांस वाचण्याचा दाखला देतात. छर्रेवाले म्हणतात की वर गेलेले छर्रे काही अंतरावर निपचित पडतात आणि कोणाचा जीव घेत नाहीत. दोघांचेही बरोबर आहे, आणि म्हणूनच अनुभवी रायफलवाला खार खोडाला चिकटून बसेपर्यंत थांबतो आणि खोड हीच आपली भिंत करतो.

सपाट, कठीण जमिनीवर दुसरा धोका उद्भवतो. पॉइंट टू-टूची गोल नाकाची संथ गोळी खडकावर, पाण्यावर किंवा घट्ट मुरमावर आपटून उसळते आणि अनपेक्षित दिशेला निघून जाते. तांबड्या समुद्रालगतची तिहामाची पट्टी नेमकी अशीच आहे : खाऱ्या दलदलीचे वाळलेले सपाट थर, खडे, प्रवाळाचा खडक, आणि मैलोन् मैल गोळी अडवणारा एकही उंचवटा नाही. क्षितिजावर दिसणारा ठिपका उंटाचा कळप असू शकतो, मेंढपाळाचा तंबू असू शकतो, किंवा वाळूत खेळायला निघालेले एखादे कुटुंब. शास्त्राच्या दृष्टीनेही हा किनारा लहान रायफलीचा नव्हे. सौदी कायद्याने तर तो प्रश्न आधीच निकाली काढला आहे.

किनाऱ्यावरचा कायदा

सौदी अरेबियातील वन्यजीवांचा कारभार २०१९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय वन्यजीव विकास केंद्राकडे आहे. शिकारीचा परवाना केंद्राच्या ‘फित्री’ या ऑनलाइन व्यवस्थेतून मिळतो. हंगाम कोणता आणि कोणत्या प्रजाती मोकळ्या, हे केंद्र वेळोवेळी जाहीर करते. त्या यादीबाहेरचे सारे निषिद्ध. म्हणून मागच्या वर्षीची माहिती किंवा सहकाऱ्याची आठवण यांवर विसंबू नये. चालू हंगामाची घोषणा स्वतः वाचावी.

साधनांबाबतचा नियम मराठी शिकारकथांवर वाढलेल्या वाचकाला चकित करतो. आपल्याकडे लहान शिकारीसाठी छर्ऱ्याची बंदूक हे सरळ उत्तर समजले जाई. सौदी नियमांत नेमकी तीच निषिद्ध आहे. अरबीत तिला ‘शोझन’ म्हणतात. तिच्यासह जाळी आणि एका वेळी एकाहून अधिक जीव मारणारे वा पकडणारे कोणतेही साधन शिकारीत वापरता येत नाही. त्यामागचे कारण उघड आहे. थव्याने उतरणाऱ्या, प्रवासाने थकलेल्या पक्ष्यांवर एक बार टाकला तर दहा-वीस पाखरे पडतात, आणि त्यांत निषिद्ध प्रजातीही असतात. ज्या होल्याला येथे हौसेने टिपत, तो युरोपातून येणारा होला २०१५ पासून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत धोक्यात आलेली प्रजाती म्हणून नोंदला गेला आहे. एक गोळी, एक जीव, आणि झाडण्यापूर्वी त्या जीवाची ओळख, एवढा साधा विचार या नियमात आहे.

तिसरा नियम जागेचा, आणि इकॉनॉमिक सिटीच्या रहिवाशांसाठी तोच निर्णायक. शहरे, गावे, शेते, विश्रांतिगृहे, वस्तीचा परिसर, लष्करी, औद्योगिक व महत्त्वाच्या आस्थापनांचा शेजार, राखीव क्षेत्रे, मोठ्या प्रकल्पांच्या जागा आणि देशाच्या सर्व किनाऱ्यांलगतचा २० किलोमीटर खोलीचा पट्टा येथे शिकारीस मनाई आहे. आपले शहर किनाऱ्यावर आहे. त्यात बंदर आहे, औद्योगिक वसाहत आहे, हरमैन रेल्वेचे स्थानक आहे, वस्ती आहे. म्हणजे यादीतील एक नव्हे, अनेक कलमे एकाच वेळी लागू होतात. खाडीच्या कांदळवनात, गोल्फच्या हिरवळीमागे किंवा रस्त्यापलीकडच्या मोकळ्या माळावर ‘फक्त एअरगनने पारवा पाडणे’ हीदेखील निषिद्ध जागेतील शिकारच ठरते.

अंमलबजावणी पर्यावरण सुरक्षेच्या विशेष दलांकडे आहे. सौदी वृत्तसंस्थेवर त्यांच्या कारवायांची निवेदने नेहमी झळकतात. विनापरवाना शिकारीस १०,००० रियाल आणि शिकारीत शोझन वापरल्यास १,००,००० रियाल दंड, असे आकडे त्यांत दिलेले असतात. जप्त मुद्देमालात हवेच्या बंदुकाही असतात. स्थानिक बोलीत त्यांना ‘साक्तून’ म्हणतात. निवेदनातले हे दोन शब्द ओळखता आले तर अरबी न जाणणाऱ्यालाही बातमीचा रोख कळतो. परदेशी नोकरदारासाठी प्रश्न दंडाच्या रकमेपुरता उरत नाही. इकामा, नोकरी, मुलांची शाळा, सारेच एका तपासाला टांगले जाते. वाळवंटातील आमंत्रण स्वीकारताना यजमानाला परवाना कोणाच्या नावावर आहे आणि शस्त्र कोणते आहे, हे आधी विचारणे उद्धटपणाचे नाही. जाणता सौदी शिकारी असा प्रश्न समजून घेतो.

सुटीत भारत, बदलीत अमेरिका किंवा ब्रिटन

भारतात उत्तर अधिक थोडक्यात देता येते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ ने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार संपवली. कायद्यातील ‘शिकार’ या शब्दात मारण्याचा प्रयत्न, सापळा लावणे आणि हाकणेही येते. शेकरू ही मोठी खार तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. भीमाशंकरचे अभयारण्य तिच्यासाठीच ओळखले जाते. शस्त्राचा प्रश्न वेगळा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ पर्यंतच्या व्यासाची आणि २० ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेची हवेची बंदूक परवान्याच्या कक्षेबाहेर आहे. व्यास किंवा ऊर्जा यांपैकी काहीही वाढले की परवाना लागतो. पण बंदुकीला परवाना लागत नाही याचा अर्थ तिने ससा मारता येतो असा होत नाही. गावी भाच्याला एअरगन भेट देणाऱ्या मामाने हा भेद त्याला समजावून द्यावा. प्रवासाबाबत एक सावधगिरी : परदेशातील रेंजवरून खिशात वा बॅगेच्या कप्प्यात राहिलेले एकच काडतूस मुंबईच्या विमानतळावर शस्त्र कायद्याखालील चौकशी ओढवून घेऊ शकते. भारताकडे निघण्यापूर्वी बॅग रिकामी करून झटकून पाहावी.

अमेरिकेत खारीची शिकार कायदेशीर आणि लोकप्रिय आहे. हंगाम, संख्या आणि साधने प्रत्येक राज्य ठरवते. आपल्या लोकांना मात्र एक संघीय तरतूद माहीत असायला हवी. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास संघीय कायद्याने मनाई आहे. काही अपवादांपैकी एक म्हणजे राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. मित्राची रायफल रेंजवर हातात घेण्यापूर्वीही हे लक्षात ठेवावे. हवेची बंदूक संघीय व्याख्येत बंदूक नाही, पण मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीचा राज्य कायदा तिला बंदूकच मानतो.

ब्रिटनमध्ये चित्र निराळे. १८७६ साली चेशायरमधील हेनबरी पार्कमध्ये सोडलेली अमेरिकन करडी खार पुढे देशभर पसरली आणि स्थानिक तांबडी खार मागे हटत गेली. म्हणून करडी खार मारण्यास तेथे मुभा आहे, तर तांबडी खार १९८१ च्या कायद्याने संरक्षित आहे. हवेच्या बंदुकीने खार मारणारा ब्रिटिश माळी जंगल वाचवतो असे मानले जाते. हेच कृत्य पुण्यात गुन्हा ठरते. स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून हवेच्या बंदुकीलाही प्रमाणपत्र लागते.

निवडीचा क्रम

या सर्वांतून हाती लागणारा क्रम असा. कायदा परवानगी देत असेल, तर आधी जागा पाहावी. वस्तीजवळच्या बागेत, ३० मीटरच्या आत, हवेची ०.२२ बंदूक पुरेशी आणि तुलनेने सुरक्षित. मोकळ्या पण मागे उंचवटा असलेल्या रानात, ५०-७० मीटरपर्यंत, साधे पॉइंट टू-टू सर्वोत्तम. मंद काडतूस आणि डोक्यावर नेम. दाट जंगलात झाडावरच्या किंवा पळत्या शिकारीसाठी, जेथे नियम मुभा देतो तेथे, २० बोअर. वेगवान ०.१७ आणि मॅग्नम ही लांब अंतरावरच्या उपद्रवी प्राण्यांसाठी राखून ठेवावीत. पहिली बंदूक घेणाऱ्याने दुर्बिणीवर आणि रायफलीवर समान खर्च करावा, आणि दोन्हींहून अधिक खर्च सरावाच्या काडतुसांवर.

इकॉनॉमिक सिटीत राहतो तोवर मात्र पहिल्याच पायरीवर उत्तर मिळते आणि पुढच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. नेमबाजीची ओढ असेल तर सुटीत वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशन किंवा पुण्यातील बालेवाडीची रेंज आहे. कुसाळे आणि सावंत यांच्या काडतुसाची ओळख तिथे प्रशिक्षकाच्या नजरेखाली, गोळी अडवणाऱ्या भिंतीसमोर होते. सौदी शिकारपरंपरा जाणून घ्यायची असेल तर ससाण्याची कला आहे. २०१० साली युनेस्कोने तिला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले, आणि सौदी अरेबिया त्या प्रस्तावातील देशांपैकी एक होता. सप्टेंबरमध्ये खाडीच्या काठी उतरणाऱ्या लाव्यांना पाहण्यासाठी दुर्बीण पुरते, आणि तिला कोणत्याही फित्रीचा परवाना लागत नाही.